तीनच महिने तर

दरवर्षी गणपतीच्या सामानाचा खोका गराजमधल्या वरच्या फळीवरनं खाली काढला की त्यात सगळ्यात वर तो स्टेपलर असतो. साधाच आहे, काळा, एका बाजूचा रंग उडालेला. आणि तो हातात घेतला की मला एप्रिल २००७ मधली एक संध्याकाळ आठवते आणि तोंड कडू होतं. म्हणजे घडलं काहीच नव्हतं खरं तर. शेजारीण दारात उभी होती, तिला रंगीत कागद हवे होते आणि स्टेपलर हवा होता, आणि ती जे सांगत होती ते ऐकून मी अगदी धीर द्यायच्या सुरात म्हणाले, "अगं, तीनच महिने तर!" इंग्रजीतच म्हणाले अर्थात, पण मनात मराठीतच आलं होतं, परीक्षा पुढे ढकलली की आपल्याकडे म्हणतात ना तसं. ती हसली, थँक्यू म्हणाली, कागद घेऊन गेली.

एवढंच.

आम्ही तेव्हा टेक्सासमधे किलीनला राहायचो. नवऱ्याची नोकरी टेम्पलला, पण किलीनला भाडं कमी. किलीन म्हणजे फोर्ट हूड (मधे दोनेक वर्षं त्या तळाचं नाव बदललं होतं, आता परत हूडच झालंय, गावातल्या लोकांच्या तोंडात तसंही ते बदललं नव्हतंच). आमच्या गल्लीत एकाआड एक घर फौजेतलं. डोक्यावरनं दिवसभर हेलिकॉप्टरं. चिनूक यायचं असलं की आधी खिडकीची काच थरथरायची, मग ओट्यावरची स्टीलची वाटी, आणि मग आवाज. नवऱ्याला त्याचा वैताग यायचा, मला नाही, कारण माझं लहानपण नाशिकरोडचं, गांधीनगरच्या बाजूनं उडणाऱ्या चेतक-चीतांच्या आवाजात गणितं सोडवलेली. फक्त आमच्याकडे हेलिकॉप्टर म्हणजे तोफखान्याचं पोर. देवळालीला तोफखान्याची शाळा, तोफेचा गोळा कुठे पडला ते वरनं बघायला आधी छोटी विमानं आली, मग हेलिकॉप्टर, आणि त्यातनंच १९८६ साली आर्मी एव्हिएशन वेगळं झालं. इथे येऊन बघते तर हेलिकॉप्टर म्हणजे घोडदळ! पहिली कॅव्हलरी डिव्हिजन. खांद्यावर मोठ्ठी पिवळी ढाल, त्यावर काळा तिरपा पट्टा आणि काळं घोड्याचं तोंड. अमेरिकन फौजेतला सगळ्यात मोठा बिल्ला तो. समारंभाला डोक्यावर काळी स्टेटसन हॅट, बुटांना टाचेची आर, म्हणजे स्पर्स, आणि ज्या माणसानं ते घातलेत तो आयुष्यात घोड्यावर बसलेला नाही, दिवसभर ब्लॅक हॉकच्या गिअरबॉक्समधलं तेल बघतो.

शेजारणीचा नवरा असाच. ब्लॅक हॉकवर क्रू चीफ, म्हणजे हेलिकॉप्टरची देखभाल बघणारा आणि त्यातनं उडणाराही. पहिल्या एअर कॅव्हलरी ब्रिगेडबरोबर २००६ च्या शेवटाला इराकला गेला, बगदादच्या उत्तरेला ताजी म्हणून तळ आहे तिथे. बारा महिन्यांसाठी. घरी ती आणि पाच वर्षांचा मुलगा, ज्याला मी मनातल्या मनात पिंट्या म्हणायचे. जायच्या आदल्या रविवारी तिघांनी बसून कागदाच्या कड्यांची माळ केली होती, आपण पताकांच्या मधे लावतो ना तशीच, एका दिवसाची एक कडी. रोज रात्री दात घासून झाले की पिंट्यानं एक कडी फाडायची. माळ स्वयंपाकघराच्या दारावरनं निघून फ्रिजच्या मागनं जाऊन परत दारावर यायची. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला ती फार गोड वाटली होती. जानेवारी-फेब्रुवारीत तिकडे पाठोपाठ हेलिकॉप्टरं पाडली गेली, फेब्रुवारीच्या सुरुवातीला ताजीजवळ ह्याच ब्रिगेडचं एक अपाची पडलं आणि दोघंही पायलट गेले. त्या आठवड्यात गल्लीत पडदे सगळ्यांचे अर्धवट ओढलेले, म्हणजे रस्त्यावर अनोळखी गाडी थांबली तर दिसावी पण आपण बघतोय हे दिसू नये. तेव्हा कळलं की माळ गोडबीड काही नाहीये.

मग ११ एप्रिल. हायवेच्या कडेला ब्लूबॉनेट फुललेली, सगळं गाव फुलांत पोरांना बसवून फोटो काढत होतं, आणि टीव्हीवर संरक्षणमंत्री गेट्स येऊन सांगून गेले की आता इराक-अफगाणिस्तानातल्या सगळ्या नियमित फौजेची पाळी बाराऐवजी पंधरा महिन्यांची. आणि कारण काय, तर घरच्यांना आधीपासनं नीट अंदाज यावा! अर्ध्याहून थोडी कमी माळ फाडून झाली होती. तिला हे कळलं टीव्हीवरनं, त्यालाही तिकडे साधारण तसंच. संध्याकाळी ती माझ्याकडे आली कारण तिच्याकडचे कागद संपले होते. माझ्याकडे घोटीव कागदाचा गठ्ठा होता, नाशिकच्या मेनरोडवरनं आणलेला, भगवा, राणी, पोपटी, आणि एक सोनेरी. मखराला लागेल म्हणून जपून ठेवलेला. तो दिला आणि वर ते वाक्य दिलं.

समोरच्या घरातला म्हातारा (म्हातारा कसला, साठीचाही नव्हता, पण चालायचा म्हाताऱ्यासारखा) तिच्याकडचं गवत कापून द्यायचा. तो व्हिएतनामचा. ह्याच डिव्हिजनचा, नवव्या कॅव्हलरीची पहिली स्क्वाड्रन. १९६९-७० ला फुओक विन्हला होता, वय वर्षं एकोणीस. त्याच्या पोर्चवर बसून लिंबू सरबत पिताना तो मला सगळं समजावून सांगायचा, बहुतेक मला काही माहीत नव्हतं हेच त्याला बरं वाटायचं. पहिल्या कॅव्हलरीचे घोडे १९४३ लाच गेले, पॅसिफिकमधे ती डिव्हिजन पायीच लढली. मग कोरियाच्या युद्धानंतर १९५४ मधे गॅविन नावाच्या जनरलनं लेखच लिहिला की आपलं घोडदळ गेलं कुठे, पुढे जाऊन माग काढणारं कुणी उरलंच नाही, घोडा नको तर हवेतनं जा. दहा-अकरा वर्षांनी, १९६५ च्या जुलैत, जॉर्जियातल्या फोर्ट बेनिंगला एका प्रायोगिक डिव्हिजनला पहिल्या कॅव्हलरीचं नाव आणि निशाण दिलं आणि चारशेच्या वर हेलिकॉप्टरं घेऊन सप्टेंबरपर्यंत ती व्हिएतनामच्या डोंगराळ भागात आन खे ला पोचलीसुद्धा. नोव्हेंबरात इया द्रांगची लढाई. ते काळ्या हॅटचं खूळही त्याच सुमाराचं, जॉन स्टॉक्टन नावाच्या कर्नलनं बेनिंगला सुरू केलेलं. आणि ज्या नवव्या कॅव्हलरीत हा होता ती मुळात १८६६ सालची कृष्णवर्णीय घोडेस्वारांची रेजिमेंट. हे तो फार अभिमानानं सांगायचा, स्वतः गोरा असून.

त्याचं हेलिकॉप्टर म्हणजे लोच. अंड्याएवढं, म्हणजे अंड्याच्या आकाराचं. कागदोपत्री नाव केयूज, जे एका आदिवासी जमातीचं नाव आहे, घोड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या. (अमेरिकन फौजेची ही एक गंमत आहे, ज्यांच्याशी लढले त्यांचीच नावं हेलिकॉप्टरांना, अपाची, कायोवा, इरोक्वॉय. गंमत म्हणावं की काय म्हणावं.) लोचनं झाडांच्या शेंड्यांना घासून हळूहळू फिरायचं आणि वर उंचावर कोब्रा, म्हणजे मारा करणारं हेलिकॉप्टर, घिरट्या घालणार. लोचवाले ते पांढरे, कोब्रावाले लाल, म्हणून जोडीला म्हणायचे पिंक टीम. हा पायलटच्या मागे उजव्या दारात, मांडीवर मशीनगन, आणि एका हातात लाल धुराचा डबा, पिन काढून ठेवलेली, खटका बोटांनी दाबून धरलेला. खालनं गोळी आली की बोटं सैल करून डबा सोडून द्यायचा, म्हणजे वरच्या कोब्राला कळतं मारा कुठे करायचा. आणि गोळी येईपर्यंत काय, तर बघायचं. गवत कुठल्या बाजूला मोडलंय. ओढ्यातलं पाणी अजून गढूळ आहे का, म्हणजे माणूस नुकताच गेलाय. चुलीचा वास. "वास यायचा?" मी विचारलं. "यायचा, भाताचा," तो म्हणाला. मला हे सगळं ऐकताना बहिर्जी नाईक आठवत होते, आपल्याकडे माग काढणाऱ्याला नजरबाज म्हणायचे, शब्द इतका चपखल की त्याला सांगावासा वाटला, पण भाषांतर जमेना. व्हिएतनाममधे अमेरिकेची जवळपास बारा हजार हेलिकॉप्टरं उडली आणि त्यातली पाच हजारांवर परत आली नाहीत. एवढं खाली उडणाऱ्या लोचचं काय होत असेल ते विचारायची माझी हिंमत झाली नाही, त्यानंही सांगितलं नाही.

जे सांगितलं ते कॅलेंडरचं. प्रत्येकाकडे एक चित्र असायचं, कुणाकडे बाईचं, कुणाकडे हेल्मेटचं, त्याचे आकडे घातलेले ३६५ तुकडे, रोज एक तुकडा रंगवायचा. प्रत्येकाची तारीख वेगळी, कारण माणसं एकेकटी यायची आणि एकेकटी जायची, युनिट तिथेच. त्या तारखेला म्हणायचे डेरॉस. शंभराच्या आत आलं की तुम्ही 'शॉर्ट', आणि शॉर्ट माणसाची चेष्टा सुरू, आणि त्याची भीतीही सुरू. "पहिले दोनशे दिवस मी घाबरलो नाही," तो म्हणाला, "तारीख जवळ आल्यावर घाबरायला लागलो." शेवटी बिएन होआला एका साध्या प्रवासी विमानात बसला, हवाई सुंदऱ्याबिंदऱ्या असलेल्या, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला पोचल्यावर नवीन गणवेश आणि स्टेक, पहाटेचे तीन वाजले असले तरी स्टेक, आणि मग जा आता घरी. जंगल ते घर, दोन-तीन दिवसांत. गावच्या बसथांब्यावर त्याला घ्यायला कुणी नव्हतं कारण त्यानं कळवलंच नव्हतं. का नाही कळवलं, तर तारीख सांगितली की ती मोडते असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

हे ऐकून मला एकदम मावशी आठवली.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, ईएमईत होते, म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या खात्यात, हेलिकॉप्टरची देखभाल. कधी नाशिक, कधी लेहच्या बाजूला. मावशीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय, त्यावर दुधाचे खाडे पेनानं आणि काकांच्या सुट्टीची तारीख पेन्सिलीनं. लहानपणी मी एकदा विचारलं होतं पेन्सिल का, तर म्हणाली, खोडायला बरं पडतं. ती तारीख खोडून खोडून कागदाला तिथे भोक पडायची वेळ यायची. आणि काका यायचे ते असे, नाशिकरोड स्टेशनवर पहाटे, काळी ट्रंक आणि होल्डॉल, रिक्षानं घरी, दार वाजवायचे नाहीत, पायरीवर बसून दूधवाल्याची वाट बघायचे. दूधवाला आला की दोघं मिळून आत. मावशी म्हणायची, एक महिना सुट्टी, त्यातला पहिला आठवडा माणूस पाहुण्यासारखा वागतो, शेवटचा आठवडा मनानं आधीच गेलेला असतो, मधले पंधरा दिवस काय ते माझे.

आपल्याकडे पूर्वी निदान पाऊस तरी होता. दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं आणि पावसाआधी परत, नद्या भरल्या की मोहीमच होत नाही, घोड्याला दाणावैरण नाही. म्हणजे घरी बसलेल्या बाईला तारीख नसली तरी आभाळ होतं. वळवाचा पाऊस पडला की पागेकडे कान. आणि पानिपतानंतर तेही नाही. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि चिल्लर खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असं त्या सावकारी पत्रात होतं म्हणतात. शाळेत ते वाक्य पाठ केलं तेव्हा मोत्यांचंच वाईट वाटलं होतं. किलीनला राहिल्यापासनं मला तो खुर्दा आठवतो. त्याच्या घरी पावसात काय झालं असेल.

तर, माझं ते वाक्य. त्याची शिक्षा मला अडीच महिन्यांत मिळाली, आणि शिक्षा म्हणायलाही लाज वाटते इतकी ती किरकोळ होती. आम्ही ग्रीन कार्डच्या रांगेत होतो. जून २००७ मधे जाहीर झालं की जुलैत सगळ्यांचे अर्ज घेणार. धावपळ करून मेडिकल, लसी, फोटो, वकिलाची फी, आईकडनं जन्माच्या दाखल्याची नक्कल कुरिअरनं. आणि २ जुलैला खात्यानं सांगितलं की नाही, घेणार नाही. तारीख मागे! मी दोन दिवस जेवले नाही. नवऱ्याला म्हणाले, असं कसं करू शकतात, सांगितली होती ना तारीख, आपण त्या तारखेवर सगळं बेतलं होतं. आणि हे म्हणता म्हणता समोर खिडकीतनं शेजारणीचं स्वयंपाकघर दिसत होतं, आणि दारावरच्या माळेला जोडलेल्या भगव्या कड्याही. तेव्हा आपल्या लोकांनी देशभरातनं गांधीगिरी म्हणून त्या खात्याच्या प्रमुखांना शेकड्यानं फुलं पाठवली होती, बऱ्याच जणांना आठवत असेल. मीही पाठवली, क्रेडिट कार्डवर, पिवळी. आणि त्या प्रमुखांनी ती फुलं वॉल्टर रीड आणि बेथेस्डाच्या नौदल हॉस्पिटलात पाठवून दिली. जखमी सैनिकांकडे. १७ जुलैला आमचे अर्ज घेतो म्हणून पुन्हा जाहीर झालं, आम्ही पार्टी केली. पण ती फुलं कुठे गेली हे वाचल्यापासनं मला शेजारणीकडे बघवत नव्हतं. माझी पिवळी फुलं कुणाच्या उशाशी गेली असतील, आणि आम्हाला तर कुणी गोळ्या घालत नव्हतं.

समोरच्या म्हाताऱ्याला हे सांगितलं तर तो खूप हसला. मग म्हणाला, "तुझा डेरॉस कधी, यंग लेडी? परत जायचा?" मी म्हटलं, ठरलं नाहीये. तो म्हणाला, "मग तू शॉर्ट कधीच होणार नाहीस." हे चांगलं की वाईट ते त्यानं सांगितलं नाही.

परत यायचीही केवढी तयारी असते हे मला त्या हिवाळ्यात कळलं. तिकडे नवीन युनिट आलं की जुन्यानं त्यांना बरोबर घेऊन उडायचं, आधी हे चालवणार ते बघणार, मग उलट. हेलिकॉप्टरं धुवायची, आणि धुवायची म्हणजे चाकाच्या खाचेतली मातीसुद्धा काढायची, परक्या मातीतनं किडा-बी काही येऊ नये म्हणून तपासणी असते. मग पाती काढून किंवा दुमडून, पांढऱ्या प्लास्टिकमधे गुंडाळून बोटीवर. माणसांचं त्याहून अवघड. त्यांचे वर्ग घेतात. गेल्या गेल्या मोटरसायकल विकत घेऊ नका, घरातल्या बिलांची वही पहिल्याच दिवशी ताब्यात घेऊ नका, पोरगं जवळ आलं नाही तर ओढू नका. बायकांचेही वर्ग, त्यात साधारण हेच उलट्या बाजूनं. आणि नक्की तारीख कुणी कुणाला सांगायची नाही, फोनवर तर अजिबात नाही. शेजारणीला फक्त 'ह्या ह्या आठवड्यात' एवढंच माहीत. तिनं पलंगपोसावर रंगानं 'वेलकम होम' लिहून तळाच्या कुंपणाला बांधला, तिथे असे शंभर पलंगपोस वाऱ्यावर फडफडत होते, एकावर बाळाचे हातांचे ठसे आणि खाली 'नाइस टू मीट यू डॅडी'. केस कापून आली. त्याची बिअर आणून ठेवली, मग म्हणाली जास्त झाली का, आणि अर्धी माझ्या फ्रिजमधे आणून ठेवली.

रात्री अकराला फोन आला की पहाटे या. ती गाडी चालवायच्या अवस्थेत नव्हती, म्हणून मीच नेलं. मुख्यालयासमोर कूपर फील्ड म्हणून हिरवळ आहे. ह्याच मैदानावर मी एकदा परेडला डिव्हिजनच्या घोड्यांच्या तुकडीची तलवारी उपसून दौड बघितली होती, खरे घोडे, जुन्या निळ्या गणवेशातले स्वार, आणि टाळ्या वाजवताना अंगावर काटा आला होता. त्या पहाटे घोडेबिडे काही नव्हतं. थंडी, कॉफीचा वास, पोरं पायजम्यावर जाकिटं घालून. बसेस आल्या, मैदानाच्या पलीकडे काळोखात रांगा लागल्या. कुणीतरी भाषण केलं, दोन मिनिटं असेल, पण बायका इतक्या ओरडत होत्या की शब्द कळला नाही. मग रांगा मोडल्या. सगळ्यांचे कपडे सारखे, चेहरे भाजून सारखे झालेले, आणि बायका माणूस शोधतायत, एक जण तर दुसऱ्याच्याच गळ्यात पडता पडता थांबली. पिंट्या माझ्या पायाला धरून उभा. त्याचा बाप येऊन गुडघ्यावर बसला, हात पुढे केला नाही, वर्गात शिकवलं होतं तसं. पिंट्यानं त्याला नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "अजून पाच आहेत."

ठरल्यापेक्षा पाच दिवस आधी आला होता ना तो. माळेत पाच कड्या शिल्लक होत्या, चार भगव्या आणि शेवटची सोनेरी. शेजारीण कुंपणापाशी उभी राहून मला हे हसत हसत सांगत होती, की आम्ही म्हटलं फाडून टाक आता सगळ्या, बाबा आलाय ना, तर ऐकायलाच तयार नाही. रोज रात्री दात घासून येतो, स्टुलावर चढतो, एक कडी फाडतो, बापाला म्हणतो, फोर. आणि जाऊन आईजवळ झोपतो. आणि तो? मी विचारलं. तो खुर्ची घेऊन तिथेच बसतो म्हणाली, फ्रिजपाशी, आणि पिंट्या झोपल्यावरही बराच वेळ तिथेच असतो. हसायची थांबली. मग म्हणाली, अरे हो, हे राहिलंच, आणि जाकिटाच्या खिशातनं माझा स्टेपलर काढून दिला, आणि पिनांचं एक नवीन पाकीट.

मला तेव्हा म्हणायचं होतं, त्या दिवशी मी जे बोलले ते... पण तोवर मागच्या दारातनं त्यानं तिला हाक मारली, कढई कुठे ठेवतेस म्हणून, आणि ती गेली.